इरावतीबाई, आत्याचा फोन आणि आमचं फसलेलं ॲप

तुमच्या आईचा फोन घ्या आणि कॉन्टॅक्ट लिस्ट उघडा. (आधी विचारा. न विचारता घेतलात तर पुढची जबाबदारी तुमची.)

माझ्या आईच्या लिस्टमध्ये आडनावं जवळजवळ नाहीतच. आत्या नाणे, मामी वडगाव, दूधवाला जुना, दूधवाला नवीन, पिंकीचे सासरे, गिरणी, भाऊजी तळेगाव २. फोन बनवणाऱ्यांनी पहिलं नाव, आडनाव, कंपनी, पद असे छान रकाने दिले होते. आईने ते सगळे ओलांडले आणि माणूस कोण लागतो आणि कुठे असतो एवढंच ठेवलं. त्यातही गंमत बघा: ही आत्या नाणे म्हणजे आईची नणंद. आईची आत्या नव्हेच. पण नोंद झालीये माझ्या नात्याने.

आज ज्यांच्याबद्दल लिहितोय त्या इरावती कर्वे १९७० मध्ये वारल्या. स्मार्टफोन तर सोडाच, घरी साधा फोन असणंही तेव्हा अप्रूप होतं. पण ही यादी त्यांच्या हातात पडली असती तर त्या तासभर तरी आईसमोरून उठल्या नसत्या, अशी माझी खात्री आहे. आपल्याला त्या माहीत असतात युगान्त लिहिणाऱ्या लेखिका म्हणून. मुळात त्या मानववंशशास्त्रज्ञ होत्या. म्हणजे माणसं एकत्र कशी राहतात, कोणाला आपलं म्हणतात, कोणाकडून काय घेतात आणि कोणाला काय देतात, हे त्यांच्यात जाऊन बघणाऱ्या. आज टेक कंपन्या ज्याला यूजर रिसर्च म्हणतात, त्याचं माहेर हे शास्त्र आहे.

आधी माझी फजिती

मी कामशेतचा. इंजिनिअरिंग झालं आणि हिंजवडीला लागलो. काही वर्षांपूर्वी एका छोट्या कंपनीत होतो. आयडिया भारी होती: मावळातला इंद्रायणी तांदूळ शेतकऱ्याकडून थेट पुण्यातल्या गिऱ्हाइकाच्या दारात. इंद्रायणी हा वाण मूळचा वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातला, १९८७ मध्ये आलेला, त्यामुळे तांदूळ खपवायला नावच पुरेसं होतं. शेतकऱ्यांचा नोंदणी फॉर्म मी बनवला. नाव, आडनाव, मोबाइल नंबर, ओटीपी, सातबारा, विकायला किती क्विंटल. एक नंबर म्हणजे एक शेतकरी.

नाणे मावळातल्या गावांत फिरून आम्ही नोंदणी केली. दोन महिन्यांत डॅशबोर्डवरची बहुतेक नावं राखाडी झाली, म्हणजे निष्क्रिय. त्यात माझ्या सख्ख्या आत्याचं नाव होतं. मीटिंगमध्ये निष्कर्ष निघाला की ग्रामीण यूजर डिजिटलसाठी अजून तयार नाही. मीही मान हलवली. काय चुकलं ते मला माहीत नव्हतं, आणि आत्याला विचारावं हे सुचलंच नाही. कामशेतहून तिच्या घरी बाइकने जायला फार वेळ लागत नाही, तरीही.

ते ॲप बंद पडलं. नंतर लोणावळा लोकलमध्ये जाता-येता इरावतीबाईंचं आणि त्यांच्याविषयीचं वाचत गेलो.

बर्लिनमधल्या १४९ कवट्या

जन्म १५ डिसेंबर १९०५, ब्रह्मदेशातल्या म्यिंज्यान गावी. तिथल्या इरावती नदीवरून नाव ठेवलं. वडील गणेश हरी करमरकर तिकडे कापसाच्या कंपनीत होते. सातव्या वर्षी मुलीला शिकायला पुण्यात हुजूरपागेत धाडलं आणि ती वाढली रँग्लर परांजप्यांच्या घरी. फर्ग्युसनमधून १९२६ मध्ये तत्त्वज्ञानाची पदवी, मग मुंबईत गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली १९२८ मध्ये समाजशास्त्रात एम.ए. लग्न झालं दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी. ते महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, रसायनशास्त्राचे प्राध्यापक, पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य. स्वतः जर्मनीत शिकून आलेले. बायकोनेही तिकडे जाऊन पीएच.डी. करावी असं त्यांच्या मनात होतं. ज्यांनी उभं आयुष्य स्त्रीशिक्षणाला वाहिलं त्या महर्षींना मात्र सुनेचं परदेशी जाणं पसंत नव्हतं. घरोघरी मातीच्या चुली, दुसरं काय.

इरावतीबाई बर्लिनला पोचल्या. कैसर विल्हेल्म इन्स्टिट्यूट या संस्थेत त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. हे तेच फिशर, ज्यांच्या वंशविषयक विचारांचा पुढे नाझींना आधार मिळाला. फिशर यांची धारणा अशी की माणसाच्या कवटीची डावी आणि उजवी बाजू सारखी नसते, गोऱ्या युरोपियनांत हा फरक जास्त असतो आणि त्यातून त्यांची श्रेष्ठ बुद्धी दिसते. इरावतीबाईंचं काम होतं हे मोजून दाखवायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर निष्कर्षाची स्लाइड आधीच तयार होती, फक्त डेटा भरायचा होता.

त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. काही युरोपियनांच्या, काही जर्मन वसाहतींतून उचलून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या. आणि लिहिलं की वंशाचा आणि या फरकाचा काही संबंध दिसत नाही. पंचविशीच्या आतबाहेरची मुलगी, परका देश, परकी भाषा, डिग्री ज्याच्या हातात त्याच्याच सिद्धान्ताला नकार. फिशर यांनी पास होण्यापुरते, कमीत कमी गुण दिले.

हे वाचलं तेव्हा मला आमची ती मीटिंग आठवली. तिथे तर माझी डिग्रीही कोणी अडवून धरली नव्हती.

एक लेबल, आत अनेक माणसं

परत आल्यावर काही वर्षं त्या मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाच्या रजिस्ट्रार होत्या. १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या आणि शेवटपर्यंत तिथल्याच राहिल्या. पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या बाई असं त्यांच्याबद्दल सांगतात. नवऱ्याला त्या दिनू म्हणत आणि तो त्यांना इरू, आणि हे सदाशिव पेठेच्या पुण्यात!

तरुणपणी आणि मधल्या वयातही त्यांनी एक काम केलं जे आज वाचताना मला अवघडल्यासारखं होतं. मोजपट्ट्या आणि कॅलिपर घेऊन त्या महाराष्ट्रभर फिरल्या, वेगवेगळ्या जातींच्या लोकांची डोकी, नाकं, उंची मोजली. १९५१ मध्ये वि. म. दांडेकरांबरोबर त्याचं पुस्तक निघालं. बर्लिनचा निष्कर्ष त्यांनी नाकारला, पण बर्लिनची मोजपट्टी सोबत आणली होती. शरीरं मोजून समाज कळतो ही समजूत आता कोणी फारशी धरत नाही. चेहरा बघून माणूस ओळखणारी, वर त्याचा स्वभाव सांगणारी सॉफ्टवेअर निघाली की मला ती समजूत नव्या कपड्यांत परत आल्यासारखी वाटते. असो.

पण या मोजणीतून त्यांच्या हाती जे लागलं ते महत्त्वाचं आहे. आपण सहज ब्राह्मण म्हणतो, कुणबी म्हणतो. ही नावं म्हणजे वरची लेबलं. आत बघितलं तर प्रत्येकाखाली आपापसातच लग्नं करणारे वेगवेगळे गट. जात म्हणजे मुळात एकमेकांचे सोयरे असलेल्या लोकांचा फैलावलेला गोतावळा, आणि एका लेबलाखालचे गट एकाच मूळ गटाचे तुकडे असतीलच असं नाही, असं त्यांनी मांडलं. त्यांचे गुरू घुर्ये यांचं मत वेगळं होतं. गुरूशी मतभेदाची त्यांना एव्हाना सवय झाली असावी.

आता ग्रामीण यूजर हा शब्द परत वाचा. मावळ तालुका घ्या. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ ही तीन वेगळी खोरी. त्यात भातवाले शेतकरी, डोंगरातले ठाकर आणि महादेव कोळी, कातकरी, तळेगावच्या एमआयडीसीत पाळी करणारी पोरं, रस्त्याकडेला जमीन गेल्यावर जेसीबी घेतलेले. आमच्या डॅशबोर्डवर या सगळ्यांना एकच रंग होता.

लोणावळ्याच्या हॉटेलांचं बुकिंग करणाऱ्या ॲपमध्येही हेच दिसतं. कपल, फॅमिली, ग्रुप, बिझनेस. चैत्रात कार्ल्याच्या एकवीरेला मुंबई आणि रायगडाकडचे आगरी-कोळी पालख्या घेऊन येतात. अख्खं गाव, त्यातले भाऊबंद, माहेरवाशिणी, जावई. हे कुठल्या फिल्टरमध्ये टाकायचं?

आत्या, आंटी आणि फॅमिली प्लॅन

१९५३ मध्ये त्यांचं सगळ्यात नाव झालेलं पुस्तक इंग्रजीत आलं, भारतातल्या नातेसंबंधांच्या रचनेवर. देशभर फिरून, वेगवेगळ्या भाषांत कोणत्या नात्याला काय म्हणतात याची त्यांनी नोंद केली आणि देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार पट्टे पाडले. इंटरनेट नाही, स्प्रेडशीट नाही. रेल्वे, एसटी, बैलगाडी आणि वह्या.

नात्याच्या शब्दांत एवढं काय असतं? एक उदाहरण घेऊ. इंग्रजीत कझिन म्हटलं की विषय संपला. आपल्याकडे चुलत, आते, मामे, मावस असे चार. कारण आपल्याला तो फरक वापरायचा असतो. उत्तरेत मामाच्या मुलीशी लग्न म्हणजे बहिणीशी लग्न, दक्षिणेत ते अगदी रीतीचं. महाराष्ट्र मधोमध: इथे अनेक जातींत मामाची मुलगी करतात, आत्याची मुलगी सहसा करत नाहीत. आता मामाची मुलगी सून होऊन आली तर तिची सासू ही तिची आत्याच असते. आणि आपल्याकडे कित्येक घरांत सासूला हाक काय मारतात? आत्या. एका हाकेत लग्नाचा अख्खा नियम साठवलेला आहे. डेटा कॉम्प्रेशन म्हणतात ते हेच.

याउलट आपल्या फोनमधली फॅमिली बघा. बहुतेक सेवांच्या फॅमिली प्लॅनमध्ये पाच-सहा जण मावतात, आणि काही ठिकाणी ते एकाच पत्त्यावर राहायला हवेत. आमच्याकडे पासवर्ड आतेभावाला दिलेला असतो आणि सख्खा शेजारी वायफाय वापरतो. कंपनी त्याला गैरवापर म्हणते. आत्याला विचाराल तर तिच्या मते हेच कुटुंब.

इरावतीबाईंचा परिपूर्ती नावाचा ललित लेख आहे, तो जरूर वाचा. एका समारंभात त्यांची ओळख करून देतात: अमक्यांची सून, तमक्यांची पत्नी वगैरे. एवढी मोठी विदुषी, पण त्यांना ती ओळख अपुरी वाटत राहते. पुढे रस्त्यात शाळेची पोरं आपसात बोलतात की या आपल्या वर्गातल्या कर्वेची आई, आणि मग त्यांना वाटतं की आता पूर्ण झालं. मला आधी हे खटकलं. पीएच.डी. बाईने असं लिहावं? पण नात्यांचा अभ्यास करणारी बाई स्वतःलाही त्याच यादीत शोधतेय, आणि ते लपवत नाहीये, हे हळूहळू लक्षात आलं.

पंगतीत बसल्याशिवाय

त्या आळंदीहून ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत गेल्या. त्यावरच्या लेखाचं इंग्रजी भाषांतर १९६२ मध्ये जर्नल ऑफ एशियन स्टडीजमध्ये आलं आणि जगभरच्या अभ्यासकांनी वाचलं. एकाच दिंडीत चालणाऱ्या, एकच अभंग म्हणणाऱ्या ब्राह्मण बायका आणि मराठा बायका जेवायला मात्र वेगळ्या बसत. हे त्यांना सलत राहिलं. त्या दोन्हीकडे मिसळल्या, मराठा बायकांच्या पंगतीत जेवल्या आणि त्यानंतर त्या बायका त्यांच्याशी जास्त मोकळेपणाने वागू लागल्या. प्रश्नावली घेऊन उभं राहण्यात आणि शेजारी पान मांडून बसण्यात हा फरक आहे.

टेक कंपन्यांना हे कळायला वेळ लागला. झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत ल्यूसी सचमन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी लोक फोटोकॉपी मशिन वापरताना त्यांचं चित्रीकरण केलं, तेव्हा दिसलं की संगणकशास्त्रातले दिग्गजसुद्धा त्या मशिनपुढे गोंधळतात. म्हणजे दोष वापरणाऱ्याचा नव्हता. नोकियाच्या लोकांनी गरीब देशांत फिरून पाहिलं की एक फोन अनेक जण वापरतात. म्हणून २००७ च्या नोकिया १२०० मध्ये एकाच फोनवर वेगवेगळ्या माणसांच्या वेगवेगळ्या फोनबुकची सोय होती. साधा टॉर्चवाला फोन, पण तो कोणाच्या घरात जाणार हे बनवणाऱ्याला माहीत होतं. त्यानंतरच्या स्मार्टफोनने पुन्हा एक फोन, एक माणूस, एक अंगठा असं धरलं.

इरावतीबाईंचे शेवटच्या वर्षांतले अभ्यास बघितले तर ते आजच्या रिसर्च टीमच्या यादीसारखे वाटतात. १९६३ मध्ये गावातल्या गटांच्या परस्परसंबंधांवर, य. भा. दामल्यांबरोबर. १९६५ मध्ये वाढत्या गावावर, म्हणजे फलटण आणि त्याच्या आसपासच्या भागावर. १९६९ मध्ये कोयना धरणाने उठलेल्या लोकांवर, मुलगी जाई निंबकर यांच्याबरोबर. आणि १९७० मध्ये, हेमलता आचार्यांबरोबर, आठवडे बाजारावर: आदिवासी, ग्रामीण आणि शहरी भागांत हा बाजार काय काम करतो. ११ ऑगस्ट १९७० ला त्या गेल्या.

कोयनेचा अभ्यास मला जास्त टोचतो, कारण आमच्याकडे पवना आहे. धरण १९७२ मध्ये पूर्ण झालं. आज इन्स्टावर पवना लेक टाकलं की तंबू, बार्बेक्यू, लायटिंगच्या माळा आणि तारांकित रिव्ह्यू दिसतात. जमीन गेलेल्या कित्येक खातेदारांचं पुनर्वसन अजून रेंगाळलंय, आणि त्यांच्याच घरातली काही पोरं तंबू लावायच्या कामावर आहेत. मॅपवर ही माहिती कुठल्याच थरात नाही.

आठवडे बाजारावरच्या त्या अभ्यासाचं नाव वाचून मी आमच्याकडच्या बाजारात वेगळ्या नजरेने जायला लागलो. पावसाळ्यात कातकरी बाया रानभाज्या घेऊन बसतात. क्यूआर कोड एकीकडेही नसतो. गिऱ्हाईक पैसे शेजारच्या कांदेवाल्याच्या कोडवर टाकतं, त्याचा स्पीकर रक्कम ओरडतो, आणि तो तेवढी रोकड बाईच्या हातावर ठेवतो. पेमेंट कंपनीच्या हिशोबात कांदेवाल्याचा धंदा वाढलेला दिसतो आणि ती बाई मुळात अस्तित्वातच नाही. कांदेवाला यासाठी काही घेत नाही का, असं मी विचारलं. घेतो म्हणाली, कधीकधी भाजीची एक जुडी.

मग आत्याकडे गेलो

ॲप बंद पडून वर्ष उलटून गेल्यावर. जेवलो, आणि जेवताना विचारलं.

नोंदणीत दिलेला नंबर आतेभावाचा होता. घरात तोच एक चांगला फोन. तो कंपनीत पाळीवर, आत फोन लॉकरमध्ये. ओटीपी यायचा आणि लॉकरमध्येच मरायचा. सातबारा अजून आत्याच्या सासऱ्यांच्या नावावर, त्यात भावकीतले बाकीचे वाटेकरी. त्यामुळे फॉर्मवर एकाचं नाव टाकलं तेव्हा घरात आधी वाद झाला होता, जो मला कोणी सांगितला नाही, कारण मी भाचा, मला वाईट वाटेल.

आणि विकायला किती क्विंटल या रकान्यात तिने शून्य भरायला हवं होतं. भात झोडलं की घरचा वर्षाचा तांदूळ बाजूला. मग लेकीच्या सासरी एक पोतं, मुंबईच्या दिराकडे एक, आमच्याकडे एक. उरलेला दादरच्या एका जुन्या गिऱ्हाइकाला, जे सासऱ्यांच्या वेळेपासून घेतंय आणि दिरांच्या आजारपणात हॉस्पिटलची ओळख काढून दिली होती त्यांनी. त्यांचा तांदूळ ॲपवर दोन रुपये जास्त मिळतात म्हणून दुसऱ्याला द्यायचा, हे आत्याला विचारातसुद्धा घ्यावंसं वाटलं नव्हतं. मग फॉर्म भरलाच का, असं विचारलं. तर म्हणाली, तू आणलेला ना.

निघताना तिने आतेभावाच्या फोनमध्ये माझा नवा नंबर टाकायला सांगितला. जुन्या नोंदीत माझं नाव होतं तांदूळ ॲप. त्याने ते खोडलं, जरा विचार केला, आणि लिहिलं मामाचा कामशेत.